झाकण म्हणजे झोप नव्हे

बाईंना दिसत नसे, पण शिकवण्याची हौस दांडगी. लॅपटॉप डोळ्यांऐवजी कानांनी वापरणाऱ्या सतरा जणांचा एक गट होता, त्यावर दर रविवारी त्या आपल्या आवाजातला धडा टाकत. 'लॅपटॉप सुरक्षित कसा झोपवावा' हा धडा त्यांनी तीनदा टाकला होता, एकदाही कोणी मागितला नसताना. आधी काम जतन करा. मग कानातली वायर काढा, म्हणजे यंत्र काही विचारत असेल तर मोठ्याने ऐकू येईल. मग विंडोजची कळ आणि एक्स, मग यू, मग एस. आवाज गप्प झाला म्हणून फसू नका. तळहात टेकवा, आतला पंखा थांबू द्या आणि मगच झाकण लावा. "झाकण म्हणजे झोप नव्हे," असं म्हणून त्या धडा संपवत. हे वाक्य आपल्याला फारच चांगलं सुचलं, असं त्यांना तिन्ही वेळा वाटलं होतं.

बाईंचं काम व्यायाम करवून घेण्याचं. हाड मोडून घरी पडलेल्यांना पुन्हा चालतं करायचं, बावीस वर्षं हेच. कोणाचा कुठला पाय, कोण कशाला घाबरतो, हे सगळं त्या लॅपटॉपवर लिहून ठेवत आणि जाताना बसमध्ये कानात वायर घालून ऐकत. टिपणं कोणाला दाखवायची नसल्यामुळे बिनधास्त असत. 'डावा गुडघा कुरकुरतो, मालक त्याहून जास्त,' अशी. वाचून दाखवणाऱ्या आवाजाला त्यांनी कारकून असं नाव ठेवलं होतं, कारण मरणाची बातमी आणि साबणावरची सवलत तो एकाच सुरात वाचायचा. शिवाय लिहिलेलं तपासायला बरं पडतं म्हणून त्यांनी त्याला विरामचिन्हंही वाचायला लावली होती.

मागच्या आठवड्यात बाईंना एक नवी शक्कल सुचली. बसमध्ये शेजारी बसणारे पडद्यात डोकावतात आणि आपल्याला तर पडदा लागतच नाही. मग झाकण लावलं तरी यंत्र चालूच राहील, अशी सोय त्यांनी करून घेतली. झाकण बंद, कारकून कानात सुरू, डोकावणारे उपाशी. यावरही एक धडा करायचा बाईंचा विचार होता. आपण टाकलेल्या धड्याचं या नव्या सोयीपुढे काय होतं, हा विचार मात्र त्यांच्या मनाला शिवला नाही.

त्या मंगळवारी त्या निघाल्या होत्या लिफ्टमनकाकांकडे. काकांनी तीस वर्षं एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवली, हजारो माणसं वर नेली, आणि स्वतः राहिले तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. त्याच जिन्यावर पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ते जुळून दोन महिने झाले होते. डॉक्टरांनी जिना चढायला-उतरायला कधीच परवानगी दिली होती. पण काका वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जायचे, तिथल्या खुर्चीत बसायचे, आणि बाई म्हणायच्या, "छान."

फोनवर काकांच्या मुलीलाही त्या हेच सांगायच्या. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिने आता स्पष्ट सांगितलं होतं, शुक्रवारी येते. बाबा जिना उतरू शकत नसतील तर हे घर सोडायचं आणि वृद्धांच्या निवासात तळमजल्यावर खोली घ्यायची. काकांची बायको याच घरात गेली होती. घर सोडण्याविषयी ते काही बोलत नसत, फक्त त्या दिवसापासून खुर्चीतून उठायला त्यांना जास्त वेळ लागू लागला होता.

बाई बसमधून उतरल्या, झाकण लावलेलंच होतं, लॅपटॉप तसाच बॅगेत टाकला, वायर गळ्यात तशीच, आणि चौपन्न पायऱ्या चढून आल्या. पंखा नाही, तळहात नाही, काही नाही. बॅगेतला कारकून कोणीही ऐकत नसताना इमानदारीने काकांचं चार महिन्यांचं टिपण वाचत राहिला. बाईंनी बॅग खुर्चीशेजारी ठेवली, वायर वॉकरच्या पायात अडकली, आणि काकांनी वॉकर उचलताच ती यंत्रातून सटकली.

"खिडकीपुढे गेलेले नाहीत पूर्णविराम," बॅग म्हणाली. "हाड जुळलंय पूर्णविराम. पायात जोर आहे पूर्णविराम. भीती जिन्याची आहे पूर्णविराम. मी रोज छान म्हणते पूर्णविराम. मी चहा केला की लोक मला म्हणतात तसलं छान पूर्णविराम. म्हणजे आता यांच्याकडून काही होणार नाही, असं मी धरून चाललेय पूर्णविराम."

कारकुनाला गप्प करायला एकच कळ पुरते. सतरा जणांच्या गुरूला ती आठवेना. बाईंनी बॅगेत हात घातला, झाकण उघडलं आणि गडबडीत आवाज वाढवायची कळ दाबून धरली. "मुलीला खरं सांगायची हिंमत नाही पूर्णविराम," कारकून अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाला. "काकांना तर नाहीच पूर्णविराम." मग टिपण संपलं, म्हणून तो थांबला.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण आपल्यासाठीच केली असणार, हे त्यांना त्याही स्थितीत आठवलं. पण खरी लाज लॅपटॉपची नव्हती. रस्ता ओलांडला की अनोळखी माणूस पाठ थोपटतो, शेजारीण म्हणते, अय्या, भाजी स्वतः चिरलीत? अशा वेळी बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि तेच गोड विष त्या चार महिने या माणसाला पाजत होत्या.



"तुम्हाला तसं छान म्हणतात, तेव्हा काय वाटतं?" काकांनी विचारलं.

"कप फेकून मारावासा वाटतो."

"हां," काका म्हणाले. "मला वाटायचं, मलाच तसं वाटतं."

ते उठले. वॉकर खिडकीकडे गेला नाही, दाराकडे गेला. बाई घाईने पुढे होऊन दोन पायऱ्या खाली उभ्या राहिल्या. कठडा धरायचा, उतरताना आधी दुखरा पाय, एवढंच त्यांनी सांगितलं. काका पहिल्या पायरीच्या काठावर इतका वेळ उभे राहिले, की त्यांचा श्वास बाईंना मोजता आला. मग पाय खाली आला. मग दुसरा. अशा चार पायऱ्या. वर जाताना काका कठड्याला टेकले, घामाने निथळले आणि त्यांनी दोन सणसणीत शिव्या हासडल्या. बाईंच्या ओठांवर 'छान' आलंच होतं. त्यांनी ते गिळलं.

खुर्चीत बसून दम खाल्ल्यावर काकांनी विचारलं, "शुक्रवारपर्यंत चौपन्न होतील?"

"नाही," बाई म्हणाल्या. "अठरा होतील, एक मजला. बाकीच्या पायऱ्यांना महिना लागेल. मी आजच फोन करून तिला हेच सांगते, आणि आजवर खोटं सांगितलं हेही."

"सांगा. आणि त्याला झोपवायच्या आधी आजचं लिहा. मोठ्याने."

बाईंनी लॅपटॉप मांडीवर घेतला. त्या लिहीत गेल्या आणि कारकून वाचत गेला, "चार पायऱ्या खाली स्वल्पविराम चार वर पूर्णविराम. घाम पुष्कळ पूर्णविराम. शिव्या दोन पूर्णविराम."

"तीन," काका म्हणाले. "एक तुम्हाला दिली, मनात."

बाईंनी दोनाचे तीन केले, काम जतन केलं, आणि विंडोज, एक्स, यू, एस अशा कळा दाबून तळहात टेकवला. पंखा थांबला, मगच झाकण लावलं.