सेतुमाधवचं क्रियापद

त्रिप्लिकेनमधल्या तंजावरी मराठी मंडळींच्या नजरेत सेतुमाधव पहिल्यांदा भरला, तो एका लग्नाच्या पंगतीत. तोवर त्याच्याकडे वळून पाहावं असं काही नव्हतं. अंगाने किरकोळ, मान खाली घालून जेवणारा, वाढप्याला हाक मारायलाही लाजणारा माणूस. त्या दिवशी शेजारी त्याचा चुलतभाऊ अप्पाजी बसला होता. त्याने सांबार वाढणाऱ्याला अडवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नीट वाढ रे! हा कोण आहे ठाऊक आहे? आमचा सेतू. सरकारला इंग्रजीत दटावतो!"

"म्हणजे पोलिसात आहे की काय?" समोरून कुणीतरी विचारलं.

"पोलिसाची काठी एकाच्या पाठीत बसते. याचं क्रियापद सगळ्या देशाला लागतं!"

पंगत हसली. सेतुमाधव कानापर्यंत लाल झाला, पण त्याला ते आवडलं होतं.

अप्पाजीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. माउंट रोडच्या मागच्या गल्लीत व्यापार आणि राजकारणावरचं एक इंग्रजी साप्ताहिक निघायचं, तिथे सेतुमाधव दुय्यम संपादक होता. संपादक राजगोपाल सुपारी चघळत मत सांगायचे आणि त्या मताला इंग्रजी कपडे चढवायचं काम सेतुमाधवचं. नामांत त्याचा जीव नव्हता. तो क्रियापदांवर जीव टाकायचा. 'कमी करा' म्हणायला साधा इंग्रजी शब्द हाताशी असताना तो 'कर्टेल' लिहायचा. एखादं करारपत्र नुसतं मोडलं असं त्याने कधी लिहिलं नाही, ते नेहमी 'अॅब्रोगेट' व्हायचं. "साधं क्रियापद पंचा नेसून घरात हिंडतं," तो म्हणायचा. "सभेत जायचं तर जरीकाठी अंगवस्त्र नको का?"

चौपन्न साली कापडगिरण्यांवर अग्रलेख लिहायची वेळ आली. राजगोपालांचं मत सरळ होतं. नवी यंत्रं आणा, जास्तीची माणसं काढा. सेतुमाधवने कागदावर आधी 'काढा'च लिहिलं. ते त्याला फार उघडं वाटलं. खोडून त्याने 'रॅशनलाइज' लिहिलं. जुनी खाती रॅशनलाइज केल्यावाचून गिरण्यांना भविष्य नाही, असं ते वाक्य झालं. वाचून राजगोपाल खूश झाले. "पाहा, कुणाला टोचत नाही आणि काम होतं," ते म्हणाले. गिरणीमालकांच्या बैठकीत कुणीतरी ते वाक्य वाचूनही दाखवलं. सेतुमाधव त्या संध्याकाळी बस सोडून समुद्रावरून चालत घरी आला, इतका तो आनंदात होता.

अप्पाजी शहराच्या उत्तरेकडच्या एका गिरणीत कामाला होता. तयार कापड मापून त्याच्या घड्या घालण्याच्या खात्यात. त्याचा हात असा बसलेला की घरची धोतरंसुद्धा दुकानातून आणल्यासारखी दिसायची. सेतुमाधव रविवारी त्याच्याकडे जेवायला जायचा. अप्पाजीची बायको गोदा सेतुमाधवहून वयाने मोठी. तिने त्याला कधी भाऊजी म्हटलं नाही, लहान भावासारखं 'अरे सेतू' म्हणूनच वागवलं.

अग्रलेखानंतरच्या एका रविवारी सेतुमाधव गेला तर घरात तुपाचा वास सुटला होता. गोदाने केसरी केली होती, रव्याच्या शिऱ्यासारखी.

"आज काय विशेष, वैनी?"

"अय्यो, तुला ठाऊक नाही? गिरणी पुन्हा रेशन देणार!"

रेशनचे दिवस नुकतेच सरले होते. त्या दिवसांत गिरणीच्या दुकानातून मिळणाऱ्या तांदळाने ते घर तगलं होतं. तो शब्द गोदाच्या कानाला गोडच लागायचा.

"फाटकावर पाटी लावली आहे," अप्पाजी सांगू लागला. "वर इंग्रजी, खाली तमिळ. तमिळमध्येसुद्धा तो शब्द तसाच ठेवलाय. रेशनलैस. आमचं खातं रेशनलैस करणार. जुनी खाती रेशनलैस केल्यावाचून गिरण्यांना भविष्य नाही, असं काहीतरी पुढे आहे. आणि ज्यांना गोदामात जायचं असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत नाव द्यायचं."

सेतुमाधवचा हात पानावरच थांबला. वाक्य त्याचं होतं. शब्दांचा क्रमसुद्धा बदललेला नव्हता.

"तूच सांग की रे," गोदा म्हणाली. "शेजारची त्रिपुरसुंदरी म्हणते, रेशनबिशन काही नाही, तुम्ही उगाच नाचता. रेशनलैस म्हणजे नेमकं काय?"

तोंडात केसरी होती. 'काढून टाकणार' हे दोन शब्द बोलायचे होते, पण त्यांच्या मागोमाग 'आणि ते मी लिहिलं' हे यायला हवं होतं. त्याने घास गिळला.

"रेशन नव्हे, वैनी. म्हणजे... नीट लावणं. सुसूत्र करणं."

शब्दकोशात पाहिलं असतं तर यात चूक सापडली नसती.

"सरी, बरं तर," गोदा जरा हिरमुसली. "तांदूळ नाही तर नाही."

"नीट लावणार म्हणजे आमचंच खातं चांगलं होणार की!" अप्पाजी म्हणाला. "मग मी त्या धुळीच्या गोदामात कशाला मरायला जाऊ? आमच्या खात्यातला राममूर्ती नाव देतोय. भित्रा आहे लेकाचा. का रे सेतू?"

सेतुमाधवने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. अप्पाजीने ती हो म्हणून घेतली.

तो आठवडा त्याने कसाबसा काढला. रोज सकाळी तो ठरवायचा की आज उत्तरेकडची बस धरायची, आणि रोज कचेरीत काहीतरी निघायचं. एका दिवशी तो थांब्यापर्यंत गेलासुद्धा. बस आली, माणसं चढली. तो पुढचीने जाऊ म्हणून थांबला आणि पुढची आली तेव्हा पान खायला गेला. कुणी त्याला अडवलं नव्हतं.

तो गेला तो शनिवारी.

अप्पाजी ओसरीवर बसून होता. राममूर्तीला गोदाम मिळालं होतं. घड्यांच्या खात्यात यंत्र बसणार होतं आणि नाव न दिलेल्यांना घरी बसायला सांगितलं होतं.

"ये," अप्पाजी म्हणाला. "बघ कसं नीट लावलं आम्हाला. तू तरी काय करणार? शब्दाचा अर्थ तू बरोबरच सांगितलास. लिहिणाऱ्याने लबाडी केली."

त्याने दोष दिला असता तर सोसलं असतं. ही माफी सेतुमाधवला सोसेना.

"अण्णा, ते लिहिणारा मी," तो म्हणाला. "पाटीवरचं वाक्य माझं आहे. आमच्या अंकात आलं होतं."

अप्पाजी सरळ होऊन बसला. मग म्हणाला, "तुझं? छापून आलेलं? आणि गिरणीने घेतलं?" त्या आवाजात क्षणभर लग्नाच्या पंगतीतला अप्पाजी होता. "मग मला अंक का नाही दाखवलास?"

गोदा कॉफीचा पेला घेऊन दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"रविवारी मी विचारलं, तेव्हा तुला खरा अर्थ माहीत होता?"

"होता."

"शुक्रवार पुढे होता तेव्हा."

"हो, वैनी."

"अगं, जाऊ दे," अप्पाजी म्हणाला. "आपलंच पोर आहे."

गोदाने पेला सेतुमाधवसमोर ठेवला. "कॉफी घ्या," ती म्हणाली. "तुम्हाला परत लांब जायचंय."

त्या घरात त्याला कुणी 'तुम्ही' म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने कॉफी घेतली आणि तो निघाला.

अप्पाजीला पुढे शहरातल्याच पॅरिस नावाच्या बाजारपेठेत एका कापडाच्या दुकानात काम मिळालं. दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाइकाने विस्कटलेल्या साड्यांच्या पुन्हा घड्या घालायच्या. त्याचे पाय सुजतात. सेतुमाधव अजून त्याच्याकडे रविवारी जातो. अप्पाजी मोकळेपणाने बोलतो. गोदा पोटभर वाढते, काय हवं-नको विचारते आणि तुम्ही म्हणते.

साप्ताहिकही चालू आहे. अग्रलेख आता दुसरा तरुण माणूस लिहितो. सेतुमाधवने राजगोपालांना सांगून बाजारभावांचं पान मागून घेतलं. शेंगदाणा, कापूस, गूळ आणि हळद यांचे भाव तो दर आठवड्याला त्या पानावर देतो, नुसतं नाव आणि पुढे आकडा.