फडकं बांधलेला घोडेस्वार
सरकीचा वास आला की निजामाच्या अमदानीतलं हिंगोलीच्या कापसाच्या जिनिंगचं फाटक आठवतं. आई आत नाकातोंडाला फडकं बांधून काम करायची. मी बाहेर तान्ह्या भावाला कडेवर घेऊन उभी. एकदा फुटाण्यांच्या पुडीला कुण्या साहेबाच्या रद्दीतला चित्रांचा कागद आला. घोड्यावरचा माणूस, तोंडावर फडकं, दोन्ही हातांत पिस्तुलं. आई म्हणाली, "हा बी जिनिंगातलाच हाय." मी विचारलं, "मंग पिस्तुलं काहून?" "त्याचा मुकादम बी लेकराकडं जाऊ देत नसंल." दुसऱ्या दिवशी भाऊ रडायला लागला, तशी आत आई फडक्यासकट उठली आणि आडव्या आलेल्या मुकादमाकडं नुसती बघत राहिली. हात रिकामेच होते. तो बाजूला सरला. कागद केव्हाच हरवला, पण त्या घोडेस्वाराचं फडक्यामागचं तोंड मला माहीत आहे.