चाळीस किलोची समानता

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी सारसोळ्याच्या मैदानावर पोती भरत होतो. वाळू कोरडी, चाळलेली. वजनकाटा भावाने मार्केटातून आणून दिला होता. तो तिथे माथाडी आहे. पोतं काट्यावर ठेवायचं, आकडा बघायचा, ओंजळभर काढायची किंवा घालायची, मग दाभणाने तोंड शिवायचं. फौजेत मी बावीस वर्षं काढली. लोकांना वाटतं, आम्ही तिथे बंदुका चालवतो. बहुतेक वेळ आम्ही पोती भरतो.

मी साताऱ्याकडचा. इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालो. शेवटची काही वर्षं पी.टी. इन्स्ट्रक्टर होतो. आता नेरूळला, सारसोळे गावाजवळच, राहतो. शर्यत लान्स नाईक हरेशच्या नावाची. हरेश सारसोळ्याचा कोळी, माझ्या सेक्शनमधला. एल.ओ.सी.वर पेट्रोलिंगला असताना गोळी लागून गेला. तेव्हा त्याची मुलगी प्राची दुसरीत होती.

शर्यत साधी. खांद्यावर पोतं घ्यायचं, मैदानापासून जेटीपर्यंत जायचं आणि परत यायचं. पहिली काही वर्षं फक्त मुलगे धावायचे. मग एका वर्षी प्राची चार मैत्रिणींना घेऊन सुरुवातीच्या रेषेवर येऊन उभी राहिली. त्या वर्षीपासून मुलींची वेगळी शर्यत सुरू झाली. मुलग्यांना चाळीस किलो, मुलींना पंचवीस. हा आकडा मी पुस्तकातून काढला नव्हता. किती वजनापर्यंत मुली धावतात आणि कुठल्या वजनाला नुसत्या फरफटत चालतात, हे मैदानावर बघून ठरवला होता. शर्यत धावण्याची होती, नवस फेडण्याची नव्हती.

सहाच्या सुमारास अध्यक्ष आले. या शर्यतीचे अध्यक्ष म्हणून सगळे त्यांना अध्यक्षच म्हणतात. उरलेलं वर्ष ते कशाचे अध्यक्ष असतात, याचा मला अजून पत्ता लागलेला नाही. पांढरे कपडे, मागे चार पोरं. गेटवर फ्लेक्सचा बोर्ड चढत होता. त्यावर अध्यक्षांचा फोटो दरवाजाएवढा आणि हरेशचा खिडकीएवढा. तीसुद्धा संडासाची खिडकी.

"हवालदार, लेडीजची पोती पण चाळीसची करा."

"का?"

"यंदा थीम आहे, समानता. बोर्डावरही तेच आहे. चॅनलवाले येतायत. एकच शर्यत, एकच वजन, एकच कप."

"मग मुलींना कप मिळणार नाही."

"असं निगेटिव्ह कशाला बोलता? मुली आज विमान चालवतात."

"खांद्यावर घेऊन चालवत नाहीत."

मागची पोरं हसली. अध्यक्ष हसले नाहीत. "तुम्ही फौजी माणूस. गोळी बघते का, समोर बाई आहे की पुरुष?"

"नाही बघत. म्हणून लढाईत कप देत नाहीत."

खरं कारण थीम नव्हती. प्राची मुलींची शर्यत सलग तीन वर्षं जिंकली होती. गल्लीतली पोरं त्याला 'लाइट कप' म्हणत. बापाच्या नावाचा कप बापाच्याच घरात, असंही म्हणत. त्यांतला एक अध्यक्षांचा पुतण्या. तो आदल्या वर्षी मुलग्यांत चौथा आला होता आणि चौथ्याला काही मिळत नाही.

माणसाचं शरीर हाच माझा धंदा होता. एन.सी.सी.च्या कॅम्पमध्ये मी मुलांना आणि मुलींना एकाच मैदानावर, एकाच उन्हात शिकवलं आहे. मुली मेहनतीत कमी नसतात, रडगाण्यात बऱ्याच कमी असतात. आळशी मुलाला मेहनती मुलगी कधीही मागे टाकते. पण दोघेही मेहनती असले, दोघांनीही सारखं खाल्लं आणि सारखी कसरत केली, तर खांदा, पकड आणि हाड यांचा फरक राहतो. घोषणा देऊन तो जात नाही. बॉक्सिंगमध्ये साठ किलोच्या पोराला नव्वद किलोच्या पोरासमोर कोणी उभं करत नाही, आणि त्याला कोणी सवलतही म्हणत नाही. या बाबतीत मला दोन प्रकारचे मूर्ख भेटले. एक म्हणतो, फरक आहे म्हणजे मुली कमी दर्जाच्या. दुसरा म्हणतो, मुली कमी दर्जाच्या नाहीत म्हणजे फरक नाही. अध्यक्ष एकाच वेळी दोन्ही होते. अशी माणसं फार थोडी.

मी म्हणालो, "मुलींची पोती मी बदलणार नाही. असल्या शर्यतीला शिट्टीही देणार नाही."

"नका देऊ. आमची पोरं बघतील."

सकाळी साडेसहाला मी मैदानावर गेलो. प्राची आधीच येऊन स्ट्रेचिंग करत होती. पोलीस भरतीची मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. त्या एका गोष्टीसाठी ती दीड वर्ष पहाटे पाम बीच रोडच्या कडेने धावत होती. आई मासळी विकते, धाकटा भाऊ शाळेत. नोकरी लागणार असेल तर तिलाच लागणार होती.

"प्राची, आज धावू नको."

"का? हरेन म्हनून?"

"हरशील हे तर नक्की. त्याचं काही नाही. गुडघा गेला तर भरती गेली."

"काका, तीन वर्षं ऐकतेय मी. लाइट पोतं, लाइट कप. आज सेम वजन उचलते. मग बघते कोन बोलतो."

"भरतीत गोळा कुठल्या वजनाचा फेकणार? मुलांच्या?"

"तो रूल आहे ना."

"हाही रूलच होता. काल संध्याकाळपर्यंत."

तिने वाकून बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या. अध्यक्षांचा पुतण्या बाजूने जात होता. "काय प्राची, मिठाची पिशवी संपली वाटतं?"

"तू ये ना. पोत्याऐवजी तुलाच उचलते. आत वाळूच आहे, डोक्यापर्यंत."

पोरं शिट्ट्या वाजवायला लागली. प्राचीची आई, वनिता वहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. पहाटे दिवाळे गावच्या बंदरावरून मासळी आणून, ती विकायला जावेकडे ठेवून आल्या होत्या. मला म्हणाल्या, "भावजी, तुमी तरी सांगा तिला. माजा नाय आयकत."

"सांगितलं."

"मंग?"

"बापावर गेली आहे."

"तो कदी आयकला कोनाचा!"

भाषणं तासभर चालली. अध्यक्षांनी हरेशच्या पराक्रमाचं वर्णन केलं. गेल्या वर्षीच्या भाषणात हरेशने चार शत्रू मारले होते. यंदा सात. मेल्यानंतर इतकी प्रगती मी दुसऱ्या कुठल्या माणसाची पाहिलेली नाही. मग प्रमुख पाहुण्यांनी कबुतरं सोडली. त्यातलं एक उडालंच नाही. ते स्टेजच्या पायरीवर बसून राहिलं. त्या समारंभात परिस्थितीचा योग्य अंदाज त्यालाच आला असावा.

मी शिट्टी देणार नव्हतो. म्हणून डीजेवाल्याने सायरन वाजवला आणि शर्यत सुटली.

मी जेटीच्या वळणावर जाऊन उभा होतो. आधी मुलगे आले. सर्वांत पुढे नावडे गावचा एक पोरगा, तळोज्याला कंपनीत माल चढवणारा. पोतं मानेच्या मागे बरोबर बसवलेलं, पाऊल आखूड, श्वास मोजका. बघायला बरं वाटत होतं. मागून बाकीचे. बऱ्याच वेळाने मुली दिसल्या. चौघींनी वळणाच्या आधीच पोती टाकली आणि रस्त्याच्या कडेला बसल्या. प्राची एकटी येत राहिली.

ती धावत नव्हती. पोतं खांद्यावरून एका बाजूला सरकलं होतं, उजवा पाय प्रत्येक वेळी आत वळत होता.

"पोतं टाक."

"नाय."

"प्राची, ऑर्डर आहे. टाक."

"मी तुमच्या फौजेत नाय, काका."

वळणावर तिने उजव्या पायावर भार दिला आणि गुडघा बाजूला गेला. आवाज मला ऐकू आला. ती पडली आणि पोतं तिच्या पायावर पडलं.

मी धावत जाऊन पोतं उचललं. उचलताच हात थांबले. मी भरलेलं पोतं असं लागत नाही. माझा शर्ट खांद्यापासून ओला झाला. पोत्याच्या बुडातून पाणी ठिबकत होतं. तोंड सोडून पाहिलं. खाली माझी कोरडी वाळू, वर खाडीच्या काठची ओली, काळी, पायाने दाबून भरलेली. अध्यक्षांच्या पोरांनी सकाळी घाईने भरली होती. काटा मैदानावर होता, पण वापरला नव्हता. मुलग्यांच्या पोत्याशेजारी मुलींचं पोतं उभं करायचं आणि उंची सारखी झाली की तोंड बांधायचं, असा हिशेब. डोळ्यांना सारखी दिसली की झालं. ओल्या वाळूला हे कोणी सांगितलं नव्हतं.

नावड्याचा पोरगा शर्यत संपवून परत फिरला होता. त्याने आणि मी प्राचीला उचलून गेटपर्यंत नेलं, मागून दोन पोरांनी ते पोतं आणलं. ॲम्ब्युलन्स होती, पण स्टेजमागे, पाहुण्यांच्या गाड्यांनी अडवलेली. एक मुलगा रिक्षा आणायला पळाला. प्राची ओठ दाबून बसली होती. तोपर्यंत मी वहिनींना पोत्याचं सांगितलं. त्यांनी त्याच दोन पोरांकडून ते काट्यावर ठेवून घेतलं.

"अध्यक्ष, हितं ये."

कॅमेरा वळला होता, म्हणून ते आले. "वहिनी, आधी हॉस्पिटलचं बघू या..."

"रिक्षा येतेय. तवर आकडा वाच."

"अहो, हे जरा टेक्निकल..."

"मी वजन केल्याबिगर सुकट पन विकत नाय. वाच!"

"सेहेचाळीस."

मी मुलग्यांचं एक पोतं उचलून काट्यावर ठेवलं. चाळीस.

"पोरांना चाळीस, माजे पोरीला सेहेचाळीस," वहिनी म्हणाल्या. "आनि बोर्डावर काय लिवलंस रं? मोठा समानतावाला! माज्या नवऱ्याचा नाव काड तिथनं. आत्ता काड. तुजा फोटो ऱ्हाऊ दे, त्याला वजन नाय."

रिक्षा आली. वहिनी प्राचीला घेऊन गेल्या. अध्यक्षांनी कॅमेऱ्याला सांगितलं की चौकशी होईल, आणि पुढच्या कार्यक्रमाकडे वळले.

कप नावड्याच्या पोराला मिळाला. त्यालाच मिळायला हवा होता. सगळी पोती कोरडी असती तरी प्राची त्याच्या आसपास आली नसती. आणि पंचवीसच्या शर्यतीत तिला कोणी गाठलं नसतं. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. अध्यक्षांना एका वेळी एकच वाक्य झेपतं, आणि तेही टाळीचं असावं लागतं.

लिगामेंट फाटलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, धावणं वर्षभर बंद. त्या वर्षीची भरती गेली. पुढची कधी निघेल, हे निघेपर्यंत कोणाला कळत नाही. चौकशी अजून चालू आहे. ती मात्र चांगल्या तब्येतीत असावी.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलला गेलो. प्राची भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "काका, बाबा असते तर काय बोलले असते?"

"शिव्या दिल्या असत्या."

"कोनाला?"

"आधी मला. मग तुला. अध्यक्षांपर्यंत पोचायला त्याला दुपार झाली असती."

"बोर्डावरचं, भाषणातलं सगळं खोटंच ना? ते सात जन?"

"नाव खरं होतं."

"मग खरं काय झालं, ते सांगा ना."

तिच्या आईला मी पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं. प्राची तेव्हा लहान होती. ती मोठी झाली तेव्हा माइक नेहमी दुसऱ्याच्या हातात असायचा. मी सांगितलं.

पेट्रोलिंगला निघण्याआधी हरेश प्रत्येकाचा पिठ्ठू, म्हणजे पाठीवरची बॅग, एका हाताने उचलून बघायचा. कोणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. ज्याला जड जाईल त्याच्या पिठ्ठूतून काही काढायचा आणि आपल्यात घालायचा. कधी ॲम्युनिशन, कधी दोरी. तो सेक्शनमधला सर्वांत ताकदवान, म्हणून त्याच्याकडे सर्वांत जास्त ओझं. दहा माणसं, दहा वेगवेगळी वजनं. कोणी कोणाला लाइट म्हटलं नाही. पोस्टवर सगळ्यांना एकत्र पोचायचं होतं, तेवढीच शर्यत.

त्या दिवशी आमचा रेडिओ ऑपरेटर तापाने फणफणला होता. लहान चणीचा पोरगा, चढावर श्वास पुरत नव्हता. हरेशने त्याचा सेट उतरवला आणि आपल्या पाठीवर बांधला. ज्याच्या पाठीवर अँटेना, त्याच्यावर समोरचा पहिली गोळी झाडतो. हे सगळ्यांना माहीत असतं. हरेशलाही माहीत होतं. ऑपरेटर म्हणाला, "माझं काम आहे, मी नेतो." हरेश म्हणाला, "तू खोक."

वीस मिनिटांनी गोळी आली. एकच. ऑपरेटर वाचला. हरेश जागेवर गेला. 'तू खोक' हे लान्स नाईक हरेशचे शेवटचे शब्द. कुठल्याही बोर्डावर लिहिता येण्यासारखे नाहीत.

प्राची अजून भिंतीकडेच बघत होती. मग म्हणाली, "परत सांगा."

मी परत सांगितलं.