कोरी फिल्म

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल. रत्नागिरीत आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो ह्यांनी काढायचे, डार्करूम मी सांभाळायची. मोर्चा दिसला की ह्यांचे हात शिवशिवत. मी म्हणे, लग्नामुंजीचे फोटो पोटाला पुरे आहेत. ऐकतील तर शपथ!

त्या दिवशी कलेक्टर कचेरीसमोर खाडीकाठच्या कोळणी ठिय्या देऊन बसल्या होत्या. कारखान्याच्या पाण्यानं खाडीतले मासे मरत होते. हे सकाळीच कॅमेरा घेऊन गेले. दुपारी धावत परतले, कोपर रक्ताळलेलं. "लाठ्या चालवल्या बसलेल्या बायकांवर. आत्ताच्या आत्ता धू," म्हणत रोल माझ्या हातात कोंबला. मागे वळतात तोच पायरीवर दोन पोलिसांनी ह्यांना धरलं आणि जीपमध्ये घातलं.

मी डार्करूमची कडी लावली. घाईत अंधारात फिल्म रिळावर चढेना. कशीबशी धुतली आणि दिव्यासमोर धरली. मांडी घालून बसलेल्या बायका, वर उगारलेली लाठी. निगेटिव्हमध्ये चेहरे काळे, तरी ओळखू येत होते. मला एकच सुचलं: ही फिल्म पोलिसांनी पाहिली तर ह्यांना सोडणार नाहीत.

तेवढ्यात दार वाजलं. ओळखीचा हवालदार. त्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो आमचेच.

"वैनी, दार उघडा. सायबांनी रोल मागितलानी."

"थांबा, फिल्म उघडी आहे!" मी ओरडले. फिल्म डब्यात बंद झाल्यावर औषधं कालवायला ठेवलेलं पाणी स्टोव्हवर उकळत होतं. उकळत्या पाण्यात फिल्मवरचं चित्र सायीसारखं सुटतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. मी फिल्म आत बुडवली आणि बोटांनी पुसून काढली. बोटं पोळली, ते नंतर कळलं.

"रोल वाया गेला हो," म्हणत ती कोरी पट्टी त्याला दिली. त्यानं उजेडात धरून पाहिली आणि घेऊन गेला. संध्याकाळी हे घरी आले. मी रडत सगळं सांगितलं. हे त्या रात्री जेवले नाहीत.

चौथ्या दिवशी एक वकील फोटो मागायला आले. बरोबर जामिनावर सुटलेली एक कोळीण. बायकांनीच आधी दगड मारले, असा खटला होता. हवालदार रोल घेऊन गेला, एवढंच मी सांगितलं. ते ऐकून वकील मला म्हणाले, "रोल असा तोंडी मागता येत नाही. पंचनामा लागतो, पावती लागते. तुम्ही कागद मागायचात."

मला कुठं ठाऊक होतं? आणि असतं तरी मागितला नसता. माझी छातीच झाली नसती.

कोळीण म्हणाली, "वयनी, फोटोत मी बसलेलीच होते ना? माझ्या हातात दगड नव्हता ना?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाले, "रोल माझ्याच हातून बिघडला."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. ती साक्षीला ओढेल, पोलीस परत येतील, या भीतीनं माझी दातखीळ बसली. नुसते डोळे वाहायला लागले. ते बघून ती उठली, माझ्या पाठीवरनं हात फिरवला आणि म्हणाली, "रडू नको गो. तुमचा काय दोष त्यात?"