कोंबड्याखालची फुली

काळ्या वस्तीतल्या अर्डीलिया मॅब्सनच्या दुकानात बायका केस सरळ करून घ्यायला यायच्या आणि हसून हसून पोट धरून जायच्या. हातात तापलेला लोखंडी कंगवा आणि तोंडात अख्खं टल्लाबी गाव! मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली तेव्हाचा कचेरीतला गोरा साहेब ती नाकातून बोलून दाखवायची, "अगं ए आँटी, राज्यघटनेतलं हे कलम वाच. आता अर्थ सांग. चूक! पुढच्या वर्षी ये." चौथ्या खेपेला साहेबच कंटाळला आणि अलाबामाच्या यादीत तिचं नाव लागलं.

आता १९४८ सालची निवडणूक आली होती. अर्डीलियाला मत द्यायचं होतं ते एकाच माणसाला, अध्यक्ष ट्रुमनला. सैन्यात काळ्या-गोऱ्यांना एकत्र ठेवा, असा हुकूम त्यानं काढला होता, आणि तिचा धाकटा मुलगा सैन्यात होता.

मतदानाच्या दिवशी तिचे दीर, चर्चचे डीकन होझीया, सकाळीच टोपी तिरपी करून दुकानात शिरले.
"दिलं बरं का मत! ट्रुमनला! कोंबड्याखाली फुली, काम फत्ते."
"डीकन, त्या कोंबड्याच्या डोक्यावर काय छापलंय ते वाचलंत?"
"'गोऱ्यांचं वर्चस्व.' वाचायला कशाला हवं, पाठ आहे. मी डोळे मिटून घेतले आणि मारली फुली. पक्षाचं चिन्हच ते, आणि ट्रुमन त्याच पक्षाचा. तूही तेच कर, तिथं तोंड चालवू नकोस."

दुपारी कंगवा चुलीवरून उतरवून अर्डीलिया निघाली. तिनं मात्र डोळे चांगले उघडे ठेवले. मतपत्रिका वरून खाली वाचली, मग खालून वर. कोंबडा होता, समोरच्या पक्षाचा हत्ती होता, ट्रुमन नव्हता.
"साहेब, यात अध्यक्षाचं नाव राहिलंय."
टेबलामागचा गोरा कारकून हसला. "राहिलं नाही, ठेवलंच नाही. आमचा कोंबडा यंदा दुसऱ्याला बांग देतोय. कॅरोलायनाच्या गव्हर्नरला, काळ्या-गोऱ्यांना वेगळंच ठेवा म्हणणाऱ्याला. मार फुली आणि जा घरी, आँटी."
"तुमच्या आईला बहीण होती का हो?"
"का?"
"नाही, मी तुमची आँटी कधी झाले ते आठवत नाही. मिसेस मॅब्सन म्हणा."

अर्डीलियानं पेन्सिल ओली केली आणि कोंबड्याच्या चोचीपासून शेपटापर्यंत ठळक अक्षरांत लिहिलं, ट्रुमन.
"वाया गेलं तुझं मत!" कारकून ओरडला. "हे कुणी मोजणार नाही!"
"नका मोजू. पण बाद करण्याआधी वाचावं तर लागेल ना?" म्हणत तिनं पत्रिका पेटीत टाकली.

दुकानात परतल्यावर तिनं कारकुनाची सगळी नक्कल केली, चष्मा वर करण्यासकट. बायका खुर्च्यांवरून घसरायच्या बेतात. डीकन तेवढे हसेनात.
"म्हणजे माझं मत..."
"तुमचं मत गव्हर्नरसाहेबांना पोचलं, डीकन. तेही डोळे मिटून. प्रार्थनेसारखं."
"मला कुणी सांगितलं का नाही?"
"तोंड चालवू नकोस म्हणालात ना? तिथं तुमचंही बंदच होतं."

डीकननी टोपी सरळ केली, मग काढलीच. ते मागच्या दारानं शेजारच्या आपल्या अंगणात गेले. तिथं त्यांचा लाडका लाल कोंबडा मिरवत होता. फडफड झाली, एक अर्धवट बांग ऐकू आली आणि सगळं शांत झालं.

दारात परत उभे राहिले ते हातात कोंबडा उलटा धरून.
"सिस्टर मॅब्सन," डीकन म्हणाले, "पाणी तापव. पिठाचे गोळेही सोड रश्शात. आणि पुढच्या खेपेला पेन्सिल मला दे."
"तुमची तुम्ही आणा," अर्डीलिया म्हणाली आणि चुलीवर मोठं भांडं चढवलं.