शेंड्यावरची तार

हे मी कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, पोरांजवळ नाही, सलीमजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतोय म्हणून माझी मान खाली गेली असं मात्र समजू नका.

मी राजूरचा. शिक्षण चौथी. रेडिओ दुरुस्त करण्यात जन्म गेला, आणि एक गोष्ट हाताला पक्की — एरियल जेवढी उंच, तेवढा आवाज चांगला. म्हातारपणी नगरला बिनतारी संदेशाचा वर्ग निघाला, तिथं गेलो. पावसाळ्यात आमच्या डोंगरात मोबाईल मरतो. मग निरोप द्यायचा कसा? शिकवायला कांबळे मॅडम, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. शेजारी बसायचा सलीम, कोपरगावचा टेम्पोवाला. मला आण्णा म्हणायचा.

मॅडमनी सांगितलं — लई उंचावर उन्हानं भारलेला एक थर असतो. आपली लहर त्याला लागून वळते, खाली येते. लांब बोलायचं तर तार उंच. पण राजूर ते नगर बोलायचं तर तार खाली, छातीइतकी. मग लहर सरळ वर जाते आणि आपल्याच जिल्ह्यावर पडते. फवारणीचं नोझल उभं धरलं की पाणी आपल्याच डोक्यावर येतं ना? तसं.

मी उभा राहून म्हणालो, हे खोटं. चाळीस वर्षं एरियल बांधली — आणि मी तार गुरांच्या दाव्यासारखी खाली बांधू? सगळ्या वर्गासमोर शब्द दिला, माझ्या दारातल्या सावरीच्या झाडाच्या शेंड्यावरून नगरशी बोलून दाखवतो.

परवाना आला, चाचणीची सकाळ आली. राजूरला घरूनच नगरला हाका मारल्या. दिल्लीकडचा कुणीतरी ओ देत होता. नगर मुकं. थोड्या वेळात गाव बघायला येणार — काय केलं असतं तुम्ही? मी कप्पीवरचा दोर सोडला. तार छातीशी आली, आणि मॅडमचा आवाज असा आला, जशा ओट्यावरच बसल्यात.

त्यांनी विचारलं, "काका, तार खाली घेतली ना?"

"न्हाई. वरच हाय."

एवढंच बोललो. लोक यायच्या आत तार परत शेंड्यावर. आले त्यांना सांगितलं, आत्ताच बोलणं झालं.

सलीम तिकडं नगरला मॅडमच्या शेजारी बसलेला. त्यानं ऐकलं, आणि मॅडमला सोडून माझा शब्द धरला. कोपरगावला जाऊन तार बांधायला चिंचेवर चढला. पडला. उजवा गुडघा आता वाकत नाही. टेम्पो विकला.

मोसंबी घेऊन भेटायला गेलो. तासभर खाटेशी बसलो. काय बोललो? पाऊसपाणी.

चढता येत नाही म्हणून त्याची तार आता खिडकीपासून लिंबोणीला, छातीइतकी. रोज सकाळी दहाला हाक मारतो. म्हणतो, "आण्णा, तुमची तार उंच हाय, म्हनून माजं भागतंय."

मॅडम खऱ्या होत्या. मला कळलं कधी? — त्यांचा आवाज आला त्याच क्षणी. म्हातारा होतो, चारचौघांत लाज गेली असती, असं म्हणू? नाही म्हणत. कळत होतं आणि खोटं बोललो. माफी मागायला मी इथं आलो नाही, आणि तुम्ही देऊही नका.

उद्या दहाला सलीम हाक मारील. मी तार खाली सोडीन, त्याला उत्तर देईन. मग दोर ओढून ती परत शेंड्यावर चढवीन.