पुराची रेघ

आमच्या कर्जतच्या घरी बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक तपकिरी रेघ आहे. पुराचं पाणी कुठवर चढलं होतं, ते दाखवणारी. पूर ओसरला तेव्हा ती माझ्या गुडघ्याच्या जरा वर होती. मी स्वतः ओल्या फडक्याने पुसायला गेलो होतो. आज ती माझ्या छातीशी आहे.

रेघ काही आपल्या पायांनी चढत नाही. दर रंगकामाला माझा थोरला भाऊ रंगाऱ्याला बजावतो, तेवढी आठवण ठेवायची. रंगारी सगळी भिंत रंगवतो आणि भाऊ हात लावेल तिथे नवी रेघ ओढून देतो. भावाचा हात दर खेपेला थोडा वर जातो. अजून दोन रंग झाले की पाणी पंख्याला लागेल.

हे खूळ एकट्या आमच्या घरात असतं तर सोडून दिलं असतं. समोरच्यांनी तर रेघेला लाकडी चौकट करून घेतली आहे. अख्ख्या आळीला त्या पुराने आयुष्यभर पुरेल एवढी सोय करून दिली. ज्याच्या मुलाला दहावीला मार्क पडले नाहीत, त्याच्या वह्या वाहून गेल्या. ज्याचं दुकान आधीच बसलं होतं, ते पुराने बसवलं. आपण आपल्याच कर्माने असे झालो, एवढं साधं वाक्य एकाच्याही तोंडून मी ऐकलेलं नाही. मला या लोकांची किळस येते.

सगळ्यात वर अर्थात माझा भाऊ. त्याची गोष्ट अशी, की अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, त्याने पाठीवर घेऊन छातीभर पाण्यातून शाळेपर्यंत नेलं. अण्णा शाळामास्तर, गुडघे गेलेले, म्हणून खालच्या खोलीत झोपायचे. माळ्याचा लाकडी जिना त्यांना चढवत नव्हता. खरं काय झालं ते वहिनीने मला दुसऱ्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. भाऊ टीव्ही माळ्यावर चढवत होता. पहाटे दूध घालायला आलेला कडावचा दूधवाला आमच्या दारात अडकला होता. त्याने किटली ओट्यावर ठेवली आणि अण्णांना पाठीवर घेतलं. पुढे भावाच्या गोष्टीतून आधी टीव्ही गेला, मग दूधवाला गेला. आता वहिनीसुद्धा नवऱ्याचीच गोष्ट सांगते, आणि सांगताना डोळे पुसते.

मी तेव्हा खालापूरला नोकरीत होतो. रस्ते बंद होते.

गेल्या महिन्यात पुतण्याचं लग्न ठरवायला मुलीकडची माणसं आली. घर नुकतंच रंगवलेलं, रेघ ताजी. पोहे येईपर्यंत भाऊ अण्णांना घेऊन पाण्यात उतरलासुद्धा. व्याही मान डोलवत होते, विहीणबाई हळहळत होत्या. तेवढ्यात दूधवाला दारात आला. केस पांढरे, पण किटली तीच. मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर भावाचं पितळ उघडं पाडायचं, आणि त्या माणसाचं श्रेय त्याच्या पदरात घालायचं, असं मी ठरवलं. मी म्हणालो, मामा, त्या दिवशी तुम्ही इथेच होतात ना, तुम्हीच सांगा कोणी काढलं अण्णांना.

वहिनी पोह्यांचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली.

दूधवाल्याने रेघेकडे पाहिलं, मग भावाकडे. "मोठ्या भाऊंनीच काढलं," तो म्हणाला आणि दूध ओतून चालू लागला.

मला त्याचाही संताप आला. हांजी हांजी करून जगणारी जात, असं मनात म्हणत मी त्याला फाटकापाशी गाठलं. खोटं का बोललात, असं विचारलं. त्याने किटली खाली ठेवली.

"मास्तर पाठीवर सारखं म्हनत व्हते, धाकट्या, आलास रं तू. मी हो म्हनलं. बुडत्या मानसाला काय सांगू, मी दूधवाला हाय म्हनून? मंग जाईस्तोवर ते मला दर सकाळी सांगायचे, धाकट्याने काढलं मला. मी कदी नाय म्हनलं नाय." त्याने किटली उचलली. "तुमाला पन सांगायचेच की. तुमी तरी कदी म्हनलात, मी नवतो म्हनून?"

धाकटा मी.

अण्णा त्यानंतर चार वर्षं होते. मी रविवारी यायचो आणि ते माझा हात धरून म्हणायचे, तू आलास म्हणून वाचलो. म्हातारपणी घोळ होतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. चार वर्षं मी मान हलवली. भाऊ निदान लोकांना फसवतो. मी फसवलं ते अण्णांनाच.

आणि पुराच्या आदल्या संध्याकाळी भावाचा फोन आला होता. पाणी वाढतंय, मला एकट्याला अण्णांना उचलवणार नाही, तू ये. सकाळी बघू, असं मी म्हणालो होतो. सकाळी चौक गावावरून कर्जतला येणारा रस्ता दहापर्यंत चालू होता. आमच्या ऑफिसातले दोघे त्याच रस्त्याने कामावर आले होते, ओल्या पँटी दुमडून.

मी आत आलो. भावाने माझ्याकडे पाहिलं नाही. गोष्ट शाळेच्या पायऱ्यांपर्यंत पोचली होती. ती संपली तेव्हा विहीणबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि अगदी सहज मला विचारलं, तुम्ही कुठे होता तेव्हा?

"खालापूरला," मी म्हणालो. "रस्ते बंद होते."